बिनतारी जाळें आणि परवलीचा शब्द

मराठेशाहींत लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या माणसापाशीं दस्तक असावें लागे. वाटेंतील चौकीदार तें पाहात आणि मगच त्याला पुढें जाऊं देत. रात्रीं किल्ल्याच्या दरवाजाशीं येणाऱ्यास परवलीचा शब्द विचारला जाई. तो चुकला तर ओळखीचा चेहराहि उपयोगी पडत नसे. दस्तक आणि परवल या दोन्ही गोष्टी आतां इतिहासजमा झाल्या असें कोणासहि वाटेल. परंतु आज एखाद्या विद्यापीठाच्या आवारांत पाऊल टाकणारा विद्यार्थी खिशांतील फोन किंवा पिशवींतील लहानसा संगणक उघडतो, तेव्हां पहिल्या दोन-चार सेकंदांत त्याच्याकडून हींच दोन प्रमाणें मागून घेतलीं जातात. मागणारा चौकीदार दिसत नाहीं आणि दरवाजाहि दिसत नाहीं; तरी प्रमाण पटल्याखेरीज आंत प्रवेश मिळत नाहीं. हा अदृश्य दरवाजा कसा उभा राहिला, याचा इतिहास अर्धशतकाहून फारसा जुना नाहीं. पण तो मोठा बोधप्रद आहे.

या इतिहासांत दोन प्रश्न एकामागून एक सोडवावे लागले. एकाच आकाशांतून अनेकांनीं एकाच वेळीं बोलावें कसें, हा पहिला. बोलणारा खरोखर कोण आहे हें ओळखावें कसें, हा दुसरा. पहिला प्रश्न गणिताचा होता, तो लवकर सुटला. दुसरा विश्वासाचा आहे, आणि तो पुरतेपणीं सुटला असें आजहि म्हणतां येत नाहीं.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर पॅसिफिक महासागरांतील हवाई बेटांवर सांपडलें. तेथील विद्यापीठाचें मुख्य स्थान होनोलुलू शहराजवळच्या मानोआ खोऱ्यांत, ओआहू बेटावर. दुसरी शाखा हिलो येथें, वेगळ्या बेटावर. आणि लहान महाविद्यालयें निरनिराळ्या बेटांवर विखुरलेलीं. मोठें गणकयंत्र मात्र मानोआलाच. इतर ठिकाणच्या शिक्षकांना व विद्यार्थ्यांना तें वापरावयाचें तर टेलिफोनच्या तारेशिवाय मार्ग नव्हता, आणि ती तार महाग असून गणकयंत्रांच्या संभाषणाला अपुरीहि पडे. शिवाय एक मोठा अपव्यय होता. यंत्रापुढें बसलेला मनुष्य एक ओळ टंकतो, मग विचार करीत बसतो, उत्तर वाचतो आणि पुन्हां एक ओळ टंकतो. त्याचा बहुतेक वेळ मौनांतच जातो. पण तार मात्र सगळा वेळ त्याच्या एकट्यासाठीं अडकून पडते.

हा अपव्यय नॉर्मन अब्रॅमसन या प्राध्यापकांच्या मनांत भरला. हे गृहस्थ मूळचे मुख्य अमेरिकेंतले. फळीवर उभें राहून सागराच्या लाटांवर स्वार होण्याच्या खेळाची त्यांना गोडी लागली आणि त्या ओढीनें ते हवाईला येऊन राहिले, असें ते स्वतःच सांगत. १९६८ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या कामास आरंभ केला; फ्रँकलिन कुओ हे त्यांतील एक प्रमुख. पैशाचें साहाय्य अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ‘आर्पा’ या संशोधनसंस्थेकडून मिळालें. १९७१च्या जूनमध्यें तारेवांचून पहिलें यंत्र मुख्य गणकयंत्राशीं बोलूं लागलें. या योजनेला नांव देण्यांत आलें ‘अलोहा’. हवाईच्या भाषेंत या एका शब्दांत प्रेम, स्वागत आणि निरोप हे तिन्ही अर्थ सामावलेले आहेत. आपल्याकडील ‘रामराम’ जसा भेटतांनाहि चालतो आणि निघतांनाहि चालतो, तसाच हा शब्द.

अलोहाची रचना थोडक्यांत अशी. सर्व दूरस्थ यंत्रांनीं बोलण्यासाठीं सुमारें ४०७ मेगाहर्ट्झची एकच लहर वापरावयाची आणि केंद्रानें सुमारें ४१३ मेगाहर्ट्झच्या दुसऱ्या लहरीवरून उत्तर द्यावयाचें. मजकूर सलग न पाठवितां त्याच्या लहान लहान पुड्या बांधावयाच्या. एका पुडींत फार तर ८० अक्षरें, शिवाय कोणत्या यंत्राकडून आली तो क्रमांक आणि चूक ओळखण्यासाठीं कांहीं जास्तीचीं चिन्हें. वेग सेकंदाला ९,६०० चिन्हांचा; येथें चिन्ह म्हणजे शून्य किंवा एक, ज्याला ‘बिट’ म्हणतात. पुड्यांची देवघेव सांभाळण्यासाठीं केंद्रावर जें लहान गणकयंत्र बसविलें, त्याचें नांव ‘मेनेहुने’ असें ठेविलें. हवाईच्या लोककथांत मेनेहुने म्हणजे गुपचूप बांधकामें उरकणारे बुटके कारागीर; नांव ठेवणाऱ्यांची रसिकता यांत दिसून येते.

आतां मुख्य अडचण. दोन यंत्रें एकाच क्षणीं बोलूं लागलीं तर दोघांचेहि शब्द एकमेकांत मिसळून निरर्थक होणार. वर्गांत गुरुजींनीं प्रश्न विचारतांच सगळीं मुलें एकदम ओरडलीं म्हणजे जें होतें तेंच. शाळेंत याला उपाय एकच: हात वर करावा आणि गुरुजींनीं नांव घेईपर्यंत थांबावें. पण ज्यांना बोलावयाचें नाहीं अशा शेंकडों मुलांनाहि एकामागून एक विचारीत बसणें म्हणजे वेळेचा नाश. अब्रॅमसन यांनीं उलट मार्ग धरिला. ज्याला बोलावयाचें आहे त्यानें सरळ बोलावें. केंद्राला पुडी नीट पोहोंचली तर केंद्र पोंच देईल. ठरल्या वेळांत पोंच आली नाहीं, तर टक्कर झाली असें समजून थोडें थांबावें आणि तीच पुडी पुन्हां पाठवावी.

यांतील सगळी खुबी ‘थोडें थांबावें’ या शब्दांत आहे. दोघेहि सारखाच वेळ थांबले तर पुन्हां एकाच क्षणीं बोलतील आणि टक्कर अखंड चालू राहील. अरुंद बोळांत समोरासमोर आलेलीं दोन माणसें एकाच वेळीं डावीकडे आणि मग एकाच वेळीं उजवीकडे सरकतात, तशी गत होईल. म्हणून प्रत्येक यंत्रानें किती थांबावयाचें तें जणूं फांसे टाकून ठरवावें, असा नियम करण्यांत आला. या स्वैर पद्धतीला किंमतहि मोजावी लागली. गणितानें असें सिद्ध होतें कीं, अशा रीतीनें मार्गाच्या एकूण शक्तीपैकीं जास्तींत जास्त १८ टक्क्यांच्या आसपासच उपयोगांत येते. पुढें लॉरेन्स रॉबर्ट्स यांनीं सुचविलें कीं, बोलण्याचा आरंभ वाटेल तेव्हां न करितां घड्याळाच्या ठराविक ठोक्यावरच करावा. एवढ्या एका शिस्तीनें ती मर्यादा दुप्पट, म्हणजे सुमारें ३७ टक्के झाली.

हवाईचें हें जाळें १९७२च्या डिसेंबरांत उपग्रहाच्या द्वारें अमेरिकेंतील मुख्य जाळ्याला जोडलें गेलें. पण त्याचा खरा प्रसार कल्पनेच्या रूपानें झाला. रॉबर्ट मेटकाफ या तरुण संशोधकाच्या वाचनांत अब्रॅमसन यांचा निबंध आला, आणि १९७३च्या मे महिन्यांत त्यानें कॅलिफोर्नियांतील झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेंत तारेवरील जाळ्याची एक योजना लिहून काढली. बोलण्यापूर्वी कान देऊन ऐकावें, आणि बोलतांना टक्कर झालेली कळली तर तत्काळ थांबावें, ही सुधारणा तींत होती. तिचें नांव ‘ईथरनेट’. एकोणिसाव्या शतकांतील पदार्थविज्ञानानें प्रकाशलहरींचें वाहन म्हणून कल्पिलेला ईथर विज्ञानांतून बाद झाला, पण त्याचें नांव मात्र असें तारेंत टिकून राहिलें. पुढें हीच बुद्धि पुन्हां बिनतारी झाली. आजचें वायफाय यंत्र आधीं ऐकतें, मग फांसे टाकून क्षणभर थांबतें, मग बोलतें आणि पोंच येण्याची वाट पाहातें. त्यांतील पोंचेची आणि फांशांची रीत हवाईच्या बेटांवरील आहे.

परंतु अलोहाचीं यंत्रें विद्यापीठाच्या मालकीचीं आणि हातावर मोजण्याइतकीं होतीं. वाटसरूची ओळख पटवून घेण्याचा प्रश्न त्या काळीं उद्भवलाच नाहीं. तो उद्भवण्यास दोन गोष्टी घडून याव्या लागल्या. पहिली सरकारी होती. १९८५ सालीं अमेरिकेच्या दळणवळण आयोगानें कांहीं लहरपट्टे, ठराविक अटी पाळल्यास, परवान्यावांचून वापरण्यास मोकळे केले. त्यांतील २.४ गीगाहर्ट्झचा पट्टा आज घरोघरीं उपयोगांत आहे. पूर्वी या पट्ट्यांना फारशी किंमत नव्हती. अन्न गरम करण्याच्या भट्ट्याहि तेथेंच चालत. गांवाबाहेरील माळ गायरान म्हणून सोडून द्यावा आणि त्यावरच पुढें बाजारपेठ वसावी, तसें या पट्ट्याचें झालें.

दुसरी गोष्ट पिट्सबर्ग शहरांतील कार्नेगी मेलन विद्यापीठांत घडली. १९९३ सालीं अ‍ॅलेक्स हिल्स यांच्या पुढाकारानें तेथें संशोधकांसाठीं एक बिनतारी जाळें उभारण्यास आरंभ झाला. संस्थापक अँड्र्यू कार्नेगी आणि अँड्र्यू मेलन यांच्या नांवांवरून विद्यापीठाच्या जुन्या जाळ्याला ‘अँड्र्यू’ म्हणत, म्हणून हें ‘वायरलेस अँड्र्यू’ झालें. काम दिसावयास सोपें पण फार कष्टाचें होतें. दगडी भिंती, लोखंडी कपाटें, जिने आणि तळघरें लहरींना अडवितात. म्हणून मोजणीचें उपकरण हातांत घेऊन खोलीखोलींतून हिंडावें, कोठें आवाज क्षीण होतो तें पाहावें आणि मग प्रक्षेपकाची जागा ठरवावी, असा खटाटोप करावा लागला. प्रक्षेपक फार दूर ठेवावे तर मधला कोपरा मुका राहातो. फार जवळ ठेवावे तर ते एकमेकांच्याच बोलण्यांत व्यत्यय आणतात. बिनतारी जोडणीचें सर्वमान्य प्रमाण मात्र १९९७ सालीं ठरलें, आणि १९९९ सालीं त्याचा वेग सेकंदाला १ कोटी १० लक्ष बिटांपर्यंत वाढला. त्यानंतर हें साधन प्रयोगशाळेबाहेर पडून विद्यार्थ्याच्या हातांत आलें.

आणि तेथेंच दुसरा प्रश्न दत्त म्हणून उभा राहिला. तारेचें टोंक खोलींत असतें. खोलीला कुलूप घालतां येतें. बिनतारी लहर मात्र भिंत ओलांडून रस्त्यावर जाते आणि वाटेनें जाणाऱ्यालाहि ऐकूं येते. १९९७च्या प्रमाणांत यावर एक उपाय सांगितला होता: सर्वांनीं मिळून एकच गुप्त किल्ली वापरावी आणि तिनें संदेश कुलूपबंद करावे. पण ज्या विद्यापीठांत वीस हजार विद्यार्थी आहेत, तेथें वीस हजारांना ठाऊक असलेली किल्ली गुप्त कशी म्हणावी? किल्ली बदलावयाची तर ती सर्वांना पुन्हां कळविणें आलें, आणि कोणी गैरवापर केला तर तो कोण हें कळणें अशक्य. त्यांतच २००१ सालीं फ्लुहरर, मँटिन आणि शमीर या तिघांनीं दाखवून दिलें कीं, या कुलुपाच्या रचनेंतच दोष आहे. नुसते संदेश ऐकत बसणाऱ्याला कांहीं काळानें किल्ली आपोआप सांपडते. कुलूप होतें, पण त्याचा आधार उरला नव्हता.

मग रीत बदलली. सर्वांना एक किल्ली देण्याऐवजीं प्रत्येकाला स्वतःचें नांव आणि स्वतःचा परवलीचा शब्द द्यावा. तो तपासून होईपर्यंत दरवाजा बंदच ठेवावा. आणि ओळख पटल्यावर त्या एकाच्या संभाषणापुरती वेगळी किल्ली तयार करावी. या तत्त्वाचें प्रमाण २००१ सालीं प्रसिद्ध झालें आणि अधिक भक्कम कुलुपाचें २००४ सालीं. विद्यापीठाच्या आवारांतला प्रश्न यानें बराचसा मिटला. पण विद्या कधीं एका आवारांत राहात नाहीं. एका विद्यापीठाचा प्राध्यापक दुसऱ्या विद्यापीठांत व्याख्यानास जातो. विद्यार्थी परदेशीं सहामाहीसाठीं जातो. तेथें तो परका. त्याला तात्पुरतें नांव मिळवावें लागे, कागद भरावे लागत, आणि बहुधा परवानगी हातीं येईपर्यंत मुक्काम संपत आलेला असे.

यावर २००२ सालीं नेदरलंड्समधील क्लास विरेंगा या तंत्रज्ञांनीं एक युक्ति सुचविली. तिचें मर्म ज्याला आपल्याकडील जुनी हुंडी ठाऊक आहे त्याला एका वाक्यांत कळेल. पुण्याच्या सावकाराची हुंडी काशीचा सावकार वटवीत असे. हुंडी आणणारा यात्रेकरू काशीकरांच्या ओळखीचा नसे. पण ज्याची सही हुंडीवर आहे त्या पेढीची पत त्यांना ठाऊक असे. परक्याची ओळख पटविण्याचें काम यजमानानें करावयाचें नाहीं. त्याच्या घरच्यांनीं त्याची हमी द्यावयाची. ‘एड्युरोम’ नांवाची योजना याच तत्त्वावर उभी आहे.

समजा, एक विद्यार्थी परगांवच्या विद्यापीठांत आला. त्याचें उपकरण ‘एड्युरोम’ हें नांव हवेंत ओळखतें आणि आपलें नांव सांगतें. त्या नांवाचे दोन भाग असतात. मधल्या चिन्हापुढील भाग घरच्या विद्यापीठाचा. यजमान विद्यापीठाचा सेवक-संगणक तेवढाच भाग वाचतो आणि ‘हा आपला नव्हे’ असें पाहून विचारणा देशाच्या मध्यवर्ती सेवकाकडे धाडतो. देश वेगळा असेल तर ती आणखी वर जाते आणि तेथून खालीं उतरत त्याच्या घरच्या विद्यापीठापर्यंत पोहोंचते. परवलीचा शब्द या सगळ्या प्रवासांत मोहोरबंद लखोट्यांत असतो; वाटेंतील कोणालाहि, यजमानालाहि, तो वाचतां येत नाहीं. घरचें विद्यापीठ लखोटा फोडतें आणि ‘होय’ किंवा ‘नाहीं’ एवढेंच उत्तर परत धाडतें. होय आलें कीं दरवाजा उघडतो. समुद्रापलीकडची ही विचारपूस बहुधा कांहीं सेकंदांत आटोपते. आणि हुंडीपेक्षां ही रीत एका बाबतींत उदार आहे: येथें हुंडणावळ नाहीं. प्रत्येक विद्यापीठ दुसऱ्याच्या पाहुण्यास फुकट जागा देतें, कारण उद्यां त्याचाहि विद्यार्थी कोठेंतरी पाहुणा असणार.

२००३च्या सुमारास युरोपांतील थोड्या देशांत सुरू झालेली ही रीत आज शंभराहून अधिक देशांत पसरली आहे. हिंदुस्थानांत ती चालविण्याचें काम ‘अर्नेट इंडिया’ या संस्थेकडे आहे. अर्नेटचें मूळ जाळें १९८६ सालीं सुरू झालें, तेव्हां त्यांत सामील झालेल्या आठ संस्थांपैकीं दोन मुंबईच्या होत्या, पवईची आयआयटी आणि राष्ट्रीय सॉफ्टवेअर केंद्र. तेव्हां मूठभर संशोधकांपुरतें असलेलें तें साधन आज साध्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या खिशापर्यंत आलें आहे.

तरीहि आरंभीं म्हटलें तें खरें आहे. विश्वासाचा प्रश्न संपलेला नाहीं. १६६३ सालीं शिवाजीमहाराज शाएस्तेखानाच्या गोटांत शिरले, तेव्हां खानाच्या पहारेकऱ्यांना आलेले लोक ओळखूं आले नाहींत, हें महाराष्ट्रांत सर्वांस ठाऊक आहे. पहारेकरी फसला तर काय होतें याचा तो धडा. पण येथें उलट धोका अधिक आहे: पहारेकरीच तोतया असला तर? ‘एड्युरोम’ हें नांव कोणीहि लबाड मनुष्य आपल्या लहानशा प्रक्षेपकाला देऊं शकतो. विद्यार्थ्याचें उपकरण त्यालाच खरा दरवाजा समजून परवलीचा शब्द सांगूं लागतें. यासाठीं घरच्या विद्यापीठाचा सेवक आधीं स्वतःचें प्रमाणपत्र दाखवितो आणि उपकरणानें तें पारखून घ्यावयाचें असतें. परंतु प्रमाणपत्राविषयीं प्रश्न पडद्यावर उमटला कीं घाईंतला विद्यार्थी न वाचतांच ‘मान्य’ म्हणून बोट टेंकवितो. सारी हुशारी या एका बोटापाशीं येऊन थबकते. ज्या विद्यापीठांनीं विद्यार्थ्यांना जोडणीची कृति नीट शिकविली, किंवा ती आपोआप व्हावी अशी तजवीज करून दिली, त्यांचे विद्यार्थी निर्धास्त राहिले. जेथें ‘कसेंहि करून जोडून घ्या’ एवढेंच सांगण्यांत आलें, तेथें उत्तम कुलूप असूनहि किल्ली रस्त्यावर राहिली.

दुसरी अडचण मुक्या उपकरणांची. छपाईचें यंत्र किंवा खेळाचें यंत्र, यांना नांव आणि शब्द सांगतां येत नाहींत. म्हणून पुष्कळ विद्यापीठांनीं प्रत्येक उपकरणाचा ४८ बिटांचा जन्मक्रमांक नोंदवून घेण्याची वहिवाट ठेविली. पण हा क्रमांक खोटा सांगतां येतो. आणि त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, तो कोणत्या प्रक्षेपकापाशीं केव्हां होता यावरून त्याचा धनी दिवसभर कोठें कोठें गेला याचा माग काढतां येतो. म्हणून फोन बनविणाऱ्यांनीं २०१४ सालापासून जाळें शोधतांना, आणि पुढें प्रत्यक्ष जोडतांनाहि, खोटा क्रमांक सांगण्याची सोय केली. खाजगीपणाचें रक्षण झालें. पण त्याच वेळीं नोंदवहींतला क्रमांक जुळेनासा होऊन प्रामाणिक विद्यार्थीहि दाराबाहेर राहूं लागला. सुरक्षितता आणि स्वातंत्र्य यांचें हें भांडण यंत्राचें नव्हे. तें मनुष्याच्या समाजाइतकेंच जुनें आहे.

२०२० सालीं महामारीनें विद्यापीठांचीं आवारें ओस पडलीं, तेव्हां या जाळ्याची किंमत सर्वांना कळली. वर्ग संगणकावर भरूं लागले आणि घरीं परतलेला विद्यार्थी एकाएकीं त्या अदृश्य दरवाजाच्या बाहेर पडला. कोंकणांतील कित्येक मुलें लहर मिळावी म्हणून डोंगरमाथ्यावर जाऊन बसत. अमेरिकेंत विद्यार्थी महाविद्यालयाच्या मोटारतळावर गाडींत बसून पाठ घेत. परवलीचा शब्द सर्वांपाशीं होता. पण ज्याच्या गांवापर्यंत लहरच पोहोंचली नव्हती, त्याला तो कोणत्या दरवाजाशीं उच्चारावयाचा हेंच कळेना.

अब्रॅमसन यांचें त्याच वर्षी डिसेंबरांत निधन झालें. बेटांत विखुरलेल्या विद्यार्थ्यांना मुख्य यंत्रापर्यंत आणून पोहोंचवावें, एवढाच त्यांच्या योजनेचा मूळ हेतु होता. नंतरच्या पिढ्यांनीं तिला कुलुपें घातलीं, दस्तकें दिलीं, चौकीदार बसविले, आणि हें सर्व आवश्यकच होतें. पण चौकी ही प्रवासासाठीं असते, प्रवास चौकीसाठीं नसतो. विद्यापीठाच्या दाराशीं आलेल्या परक्याला त्याचें नांव विचारावें, त्याच्या घरच्यांची हमी घ्यावी, आणि हमी मिळतांच त्याला आंत घ्यावें. हवाईच्या त्या पहिल्या जाळ्याच्या नांवांत निरोपाचा अर्थ आहे, तसा स्वागताचाहि आहे. विद्येच्या घरीं त्यांतील स्वागताचा अर्थच आधीं ऐकूं यावा.